पुढची संख्या कोणती, आणि का?

सशांची गोष्ट आता गणिताच्या बहुतेक शिक्षकांना पाठ झाली आहे. चारी बाजूंनी भिंत असलेल्या जागेत सशांची एक जोडी ठेवली. प्रत्येक जोडी जन्मानंतर दुसऱ्या महिन्यापासून दर महिन्याला एका नव्या जोडीला जन्म देते. एकही ससा मरत नाही. तर वर्षाअखेर किती जोड्या होतील? मग फळ्यावर १, १, २, ३, ५, ८, १३... अशी ओळ उतरते. ‘मागच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या’ असे वाक्य येते, सूर्यफुलाचे एक चित्र येते आणि तास संपतो. मुले खूश असतात, आपणही खूश असतो.

या लेखात आम्ही या गोष्टीची जरा परीक्षा घेणार आहोत. कवितेची किंवा धड्याची समीक्षा होते, तशी गणितातल्या एखाद्या प्रसिद्ध उदाहरणाची सहसा होत नाही. उदाहरण एकदा पुस्तकात आले की ते एका पुस्तकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जात राहते. ते मुलांना नेमके काय शिकवते, हे कोणी विचारत नाही. आम्हीही बरीच वर्षे विचारले नव्हते. ते का विचारावे लागले, हे पुढे येईलच.

मूळ उदाहरण आणि त्याचे पाठभेद

हे उदाहरण पिसा गावच्या लिओनार्दोच्या ‘लिबेर अबाची’ या ग्रंथातले. ग्रंथ १२०२ सालचा. त्याची १२२८ मध्ये सुधारलेली आवृत्ती आज आपल्याला उपलब्ध आहे. भारतीय अंक वापरून व्यापारातले हिशोब कसे करावेत, हे युरोपातल्या लोकांना समजावून सांगणे हा या ग्रंथाचा मुख्य हेतू. सशांचे उदाहरण त्यात शेकडो उदाहरणांपैकी एक म्हणून येते. लिओनार्दोने त्याचे उत्तर ३७७ जोड्या असे दिले आहे आणि तो पुढच्या उदाहरणाकडे वळला आहे. या संख्यांना ‘फिबोनाची’चे नाव रूढ केले ते फ्रेंच गणिती एदुआर ल्युका याने, १८७० च्या दशकात. म्हणजे लिओनार्दोनंतर सहाशेहून अधिक वर्षांनी.

आता गंमत पहा. हेच उदाहरण वेगवेगळ्या ठिकाणी वाचले तर उत्तर कधी १४४ मिळते, कधी २३३, कधी ३७७. यात चूक कोणाचीच नाही. पहिली जोडी नवजात धरली आणि बाराव्या महिन्यातल्या जोड्या मोजल्या, तर १४४. पूर्ण बारा महिने संपल्यावर मोजल्या, तर २३३. लिओनार्दोची पहिली जोडी पहिल्याच महिन्यात पिल्ले देते, म्हणून त्याचे उत्तर ३७७. तिन्ही उत्तरांमागे नियम एकच आहे, फक्त सुरुवात वेगळी. पण ज्या मुलाला ‘ही ओळ पाठ कर’ एवढेच सांगितले आहे, त्याला यातले काहीच उमगणार नाही. उत्तर छापील उत्तराशी जुळले नाही की तो स्वतःचे खोडून टाकणार.

सशांविरुद्ध नेहमी केली जाणारी तक्रार वेगळी असते. ससे असे वागत नाहीत, ते मरतात, दर वेळी बरोबर एक नर आणि एक मादी जन्मत नाहीत, वगैरे. ही तक्रार आम्हांला फारशी महत्त्वाची वाटत नाही. पाण्याचा हौद एका नळाने भरतो आणि दुसऱ्याने रिकामा होतो, हे उदाहरणही कोणी प्रत्यक्षात करत नाही. गणितातल्या उदाहरणाने थोडे खोटे बोलायला हरकत नसते.

आमची तक्रार अशी की, सशांच्या गोष्टीत ‘का’ झाकलेला राहतो. मागच्या दोनच संख्या का मिळवायच्या? तीन का नाहीत? मागच्या एका संख्येची दुप्पट का नाही? आम्ही हा प्रश्न अनेक वर्गांत विचारून पाहिला. बहुतेक वेळा उत्तर मिळाले, “कारण तसा पॅटर्न आहे.” खरे कारण दोन वाक्यांत सांगता येते. या महिन्यात ज्या जोड्या आहेत, त्यांतल्या जुन्या म्हणजे मागच्या महिन्यातल्या सगळ्या, कारण कोणी मरत नाही. आणि नव्या जोड्या तितक्याच, जितक्या जोड्या दोन महिन्यांपूर्वी होत्या, कारण तेवढ्याच आता पिल्ले देण्याच्या वयाच्या झाल्या आहेत. जुन्या अधिक नव्या, झाली बेरीज. पण ही दोन वाक्ये बहुतेक लेखांत सापडत नाहीत. सापडते ते सशांच्या चित्रांचे झाड. त्यातल्या बाणांच्या गर्दीत कारण हरवते आणि उरते ती फक्त ओळ.

मराठीच्या तासातले गणित

याच संख्या आपल्याकडे लिओनार्दोच्या कितीतरी आधी माहीत होत्या आणि त्या सापडल्या त्या काव्याच्या अभ्यासात. विरहांक या छंदशास्त्रज्ञाने ‘वृत्तजातिसमुच्चय’ या प्राकृत ग्रंथात त्यांचा नियम दिला. त्याचा काळ साधारणपणे इ.स. ६०० ते ८०० च्या दरम्यानचा मानतात. बाराव्या शतकात गोपाल आणि गुजरातेतले जैन आचार्य हेमचंद्र यांनी तोच नियम पुन्हा सांगितला. परमानंद सिंह यांनी १९८५ साली एका शोधनिबंधात हा सगळा इतिहास एकत्र मांडला.

विरहांकापुढचा प्रश्न असा होता. लघू अक्षराची मात्रा एक, गुरूच्या मात्रा दोन. तर अमुक इतक्या मात्रा लघू-गुरूंच्या किती वेगवेगळ्या रचनांनी भरता येतील? लघू-गुरू ओळखणे आपल्या मुलांना मराठीच्या तासात शिकवलेलेच असते. तेव्हा ‘ल’ आणि ‘गा’ ही नेहमीची चिन्हे घेऊन हा प्रश्न मराठी शब्दांवरच सोडवून पाहू या.

एका मात्रेची रचना एकच : ल. दोन मात्रांच्या दोन : ‘घर’ (ल ल) आणि ‘मी’ (गा). तीन मात्रांच्या तीन : ‘कमळ’ (ल ल ल), ‘नदी’ (ल गा), ‘पान’ (गा ल). चार मात्रांच्या किती? मुलांना शब्द शोधू द्या. आम्हांला मिळालेले शब्द असे :

परिसर (ल ल ल ल), सकाळ (ल गा ल), वादळ (गा ल ल), कविता (ल ल गा), राजा (गा गा).

बरोबर पाच. सहावी रचना शोधून सापडणार नाही. का नाही? आता शेवटच्या अक्षराकडे बघा. परिसर, सकाळ आणि वादळ या तिघांच्या शेवटी लघू आहे. ते अक्षर झाकले तर उरतात तीन मात्रा, आणि तीन मात्रांच्या रचना तीनच आहेत. कविता आणि राजा यांच्या शेवटी गुरू आहे. तो झाकला तर उरतात दोन मात्रा, आणि दोन मात्रांच्या रचना दोनच. शेवटचे अक्षर लघू असते किंवा गुरू, तिसरा पर्याय नाही. म्हणून ३ + २ = ५.

हेच पाच मात्रांना, हेच पन्नास मात्रांना. रचनांची संख्या १, २, ३, ५, ८, १३, २१... अशी वाढत जाते. ती तशीच का वाढते, याची खात्री आठवीच्या मुलालाही स्वतःपुरती पटते. ‘दोनच का?’ या प्रश्नाचे उत्तर इथे झाकलेले नाही, ते शब्दाच्या शेवटच्या अक्षरात समोर दिसते. तीन मात्रांचे एखादे प्लुत अक्षरही मोजायचे ठरवले, तर मागच्या तीन संख्या मिळवाव्या लागतील, हेसुद्धा मुले न सांगता ओळखतात. आम्ही हे करून पाहिले आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना. ‘फिबोनाची’ऐवजी ‘विरहांक’ किंवा ‘हेमचंद्र’ हे नाव लावले म्हणजे काम झाले, असे समजू नये. कोणी आधी शोधले हे सांगणे न्यायाचे आहे आणि ते सांगावेच. पण नाव बदलून तीच ओळ पाठ करून घेतली, तर वर्गात काहीच बदलले नाही. विरहांकाचा प्रश्न चांगला आहे तो जुना म्हणून नव्हे, किंवा आपला म्हणूनही नव्हे. त्यात कारण दिसते, म्हणून तो चांगला.

नारायण पंडितांच्या गाई

सशांच्या जातीचेच, पण शिकवायला सशांहून सरस, असे एक उदाहरण नारायण पंडितांच्या ‘गणितकौमुदी’ (१३५६) या ग्रंथात आहे. एक गाय दरवर्षी एका कालवडीला जन्म देते. ती कालवड आपल्या चौथ्या वर्षापासून दरवर्षी एकेक कालवड देऊ लागते. तर वीस वर्षांनी सगळ्या मिळून गाई-वासरे किती?

सुरुवातीला १. पहिल्या तीन वर्षांत मूळ गायीची तीन वासरे : २, ३, ४. चौथ्या वर्षी पहिली कालवड वयात येते, म्हणून दोन वासरे : ६. पुढे ९, १३, १९, २८... इथे दरवर्षी नवी वासरे किती येतात? तीन वर्षांपूर्वी कळपात जितकी जनावरे होती तितकी, कारण तेवढीच आता वयात आली आहेत. म्हणून नियम असा : मागची संख्या अधिक तिच्याही मागे दोन घरे असलेली संख्या. ६ + ३ = ९, ९ + ४ = १३, १३ + ६ = १९. असे करत गेले की विसाव्या वर्षी २७४५ मिळतात. नारायण पंडितांनी हे उत्तर पिढ्यांचा वेगळा हिशोब करून काढले आहे : मूळ गाय १, तिची वासरे २०, त्यांची १५३, मग ५६०, १००१, ७९२, २१० आणि ८. बेरीज २७४५. दोन वाटांनी एकच उत्तर येते, हाही एक चांगला धडा.

या गाईही मरत नाहीत आणि त्यांना कधी गोऱ्हा होत नाही. तेव्हा खोटेपणात हे उदाहरण सशांपेक्षा कमी नाही. मग सरस कशात? ज्या मुलाने ‘मागच्या दोन मिळवा’ एवढेच पाठ केले आहे, तो इथे अडतो. त्याला गोष्ट पुन्हा वाचावी लागते. गोष्टीतली अट बदलली की नियम बदलतो, नियम आकाशातून पडत नाही, हे त्याला कळते. ससे एकटे शिकवले तर हे कळत नाही. ससे आणि गाई शेजारी शेजारी ठेवल्या तर कळते.

आणि ज्यांना खऱ्या प्राण्याचेच उदाहरण हवे असेल, त्यांनी मधमाशी घ्यावी. नर मधमाशी फलन न झालेल्या अंड्यातून जन्मते, म्हणून तिला आई असते, बाप नसतो. मादीला आई आणि बाप दोन्ही असतात. आता एका नराचे पूर्वज मोजा : आई १, तिचे आईबाप २, त्यांच्या मागे ३, मग ५, मग ८. (एकच पूर्वज दोन बाजूंनी येत नाही असे धरले आहे.) येथेही कारण सापडते. एका पिढीतल्या प्रत्येकाला आई आहे, म्हणून मागच्या पिढीत तेवढ्या आया. बाप मात्र फक्त माद्यांना, आणि या पिढीतल्या माद्या म्हणजे पुढच्या पिढीतल्या प्रत्येकाची एकेक आई. वही-पेन्सिल घेऊन बसले तर हे वाक्य दहा मिनिटांत सुटते आणि ती दहा मिनिटे वाया जात नाहीत.

एक फुली

आता हा लेख लिहावा असे का वाटले, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही काही शिक्षकांनी मिळून मुलांसाठी एक छोटी गणित-स्पर्धा घेतली होती. पेपर आम्हीच काढला, उत्तरसूची आम्हीच केली. त्यात संख्यामालिकेचा एक सोपा प्रश्न होता : १, २, ४, ८, ? उत्तरसूचीत १६. पेपर भराभर तपासले. निकाल लागला, बक्षिसे वाटली.

पुढे रद्दी काढताना ते पेपर पुन्हा हातात आले. एका सातवीच्या मुलीने १५ लिहिले होते आणि आम्ही त्यावर लाल फुली मारली होती. शेजारी कच्च्या कामाच्या जागेत तिने पाच पायऱ्यांचा जिना काढला होता. पहिल्या चार पायऱ्यांवर १, २, ४, ८ असे आकडे होते आणि त्या चारही पायऱ्यांवरून पाचव्या पायरीकडे एकेक बाण गेला होता. खाली लिहिले होते : ८ + ४ + २ + १ = १५.

चित्र समजायला आम्हांला थोडा वेळ लागला. एका वेळी एक, दोन, तीन किंवा चार पायऱ्या चढता येत असतील, तर पहिल्या पायरीवर पोहोचण्याचा मार्ग एक, दुसरीवर दोन, तिसरीवर चार, चौथीवर आठ. आणि पाचवीवर? शेवटची ढांग चौथीवरून, तिसरीवरून, दुसरीवरून किंवा पहिलीवरून. म्हणून पंधरा. जमिनीवरून एका ढांगेत पाच पायऱ्या चढण्याची मुभा असती, तरच सोळा झाले असते. मागच्या चार पदांच्या बेरजेचा हा एक अगदी सरळ नियम आहे. मुलीने तो मनातून उभा केला आणि त्याचे कारणही चित्रात दाखवले. ज्यांनी १६ लिहिले, त्यांच्यापैकी एकानेही कारण दिले नव्हते, कारण आम्ही ते मागितलेच नव्हते.

तिचा एक गुण गेला, त्याने बक्षिसात काही फरक पडला नसता. पण त्या फुलीने आम्ही तिला काय सांगितले? गणितात विचार करायचा नसतो, पेपर काढणाऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखायचे असते, हेच ना?

चार संख्या दिल्या म्हणून पाचवी ठरत नाही. वर्तुळावर बिंदू घ्या आणि प्रत्येक दोन बिंदू रेषाखंडाने जोडा. कोणतेही तीन रेषाखंड आत एकाच बिंदूत छेदू देऊ नका. वर्तुळाचे भाग होतात १, २, ४, ८, १६ आणि सहा बिंदूंना ३१. बत्तीस नव्हेत! नील स्लोन यांनी १९७३ साली पूर्णांक क्रमिकांचा एक कोशच छापला, त्यात २३७२ क्रमिका होत्या. १९९५ मध्ये सायमन प्लूफ यांच्यासह काढलेल्या कोशात त्या ५४८७ झाल्या, आणि आज संगणकावर असलेल्या त्याच्या रूपात त्या साडेतीन लाखांहून अधिक आहेत. १, २, ४, ८ अशी सुरुवात असलेल्या क्रमिका त्यात ढिगाने सापडतात. ‘पुढची संख्या कोणती?’ हा प्रश्न त्यामुळे अर्धाच आहे. ‘आणि का?’ हे जोडल्याशिवाय तो गणिताचा प्रश्न होत नाही.

मोठ्यांनाही चकवणारी क्रमिका

‘एवढी पदे जुळली, म्हणजे पुढेही जुळणारच’ हा मोह फक्त मुलांना होतो असे नाही. ३, ०, २ अशी सुरुवात करा आणि नियम असा ठेवा : लगेचची मागची संख्या सोडून तिच्या मागच्या दोन मिळवायच्या. पदांना शून्यापासून क्रमांक द्या. मिळते ते असे : ३, ०, २, ३, २, ५, ५, ७, १०, १२, १७, २२, २९, ३९...

आता क्रमांक आणि पद यांची जोडी बघा. पाचवे पद ५, त्याला ५ ने भाग जातो. सातवे ७. अकरावे २२, त्याला ११ ने भाग जातो. तेरावे ३९, त्याला १३ ने. क्रमांक मूळ संख्या असेल तर त्या पदाला त्या क्रमांकाने नेहमी भाग जातो, हे सिद्ध झालेले आहे. उलट क्रमांक ४, ६, ८, ९, १०, १२ असेल तर भाग जात नाही. मग मूळ संख्या ओळखण्याची ही खात्रीची कसोटी झाली का? पेरिन याने १८९९ मध्ये हा प्रश्न विचारला होता. भाग जाणारी, पण मूळ नसलेली संख्या पुढे ऐंशीहून अधिक वर्षे कोणाला मिळाली नाही. १९८२ मध्ये ॲडम्स आणि शँक्स यांना ती सापडली : २,७१,४४१. ही ५२१ × ५२१ आहे, मूळ नाही, तरीही त्या क्रमांकाच्या पदाला तिने भाग जातो. त्याआधीच्या एकाही संख्येने दगा दिला नव्हता.

अडीच लाखांहून अधिक वेळा जुळले आणि मग जुळले नाही. नुसत्या पॅटर्नवर किती भरवसा ठेवावा, हे सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही. वरच्या वर्गातल्या मुलांना निदान पहिली वीस पदे काढून हे जरूर करू द्यावे.

सोन्याचे गुणोत्तर आणि पितळ

राहिले सूर्यफुलाचे चित्र. या क्रमिकेतल्या लागोपाठच्या दोन पदांचे गुणोत्तर १.६१८ च्या जवळ जाते, ८९ भागिले ५५ करून बघा. याला सुवर्ण गुणोत्तर म्हणतात, इथपर्यंत ठीक. पण मग शंख, देवळे, चेहरे, चित्रे, सगळीकडे ते दिसू लागते आणि त्यालाच निसर्गाचे रहस्य म्हटले जाते.

आधी वर्गात एक प्रयोग करा. मुलांकडून कोणत्याही दोन धन संख्या घ्या, समजा ७ आणि ३. मागच्या दोन मिळवत चला : ७, ३, १०, १३, २३, ३६, ५९, ९५, १५४, २४९. आता २४९ भागिले १५४. उत्तर १.६१७ च्या आसपास! म्हणजे हे गुणोत्तर १, १, २, ३, ५ या ठरावीक संख्यांचे नाही, ते त्या नियमाचे आहे. कारणही दहावीतल्या मुलांच्या आवाक्यातले आहे. गुणोत्तर क वर स्थिरावत असेल, तर ‘पुढचे = मागचे + त्याच्या मागचे’ यातून क² = क + १ हे वर्गसमीकरण मिळते. त्याचे धन उत्तर १.६१८. नारायण पंडितांच्या गाईंचे गुणोत्तर वेगळे येते, सुमारे १.४६६, कारण नियमच वेगळा.

आता शंख. नॉटिलसच्या शंखाचा फोटो सुवर्ण सर्पिलाचा नमुना म्हणून सर्रास छापतात. सुवर्ण सर्पिल एका पूर्ण वेढ्यात ६.८५ पट मोठे होते. नॉटिलस एका वेढ्यात सुमारे तिप्पट होतो. फूटपट्टी लावून दोन मिनिटांत तपासता येते, पण तपासतो कोण?

सूर्यफुलाची गोष्ट मात्र खोटी नाही. बियांच्या सर्पिल ओळी मोजल्या तर पुष्कळदा एका दिशेने ३४ आणि दुसऱ्या दिशेने ५५ भरतात. येथे कारणही आहे. वाढत्या टोकावर प्रत्येक नवा अंकुर आधीच्या अंकुरांपासून जास्तीत जास्त मोकळ्या जागी येतो. दुआदी आणि कूदे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये चुंबकीय द्रवाचे एकमेकांना दूर ढकलणारे थेंब वापरून प्रयोगशाळेत अशाच सर्पिल ओळी तयार करून दाखवल्या. आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सामान्य नागरिकांनी वाढवलेली ६५७ सूर्यफुले मोजली गेली. बहुतेकांत याच क्रमिकेतल्या संख्या होत्या. पण काहींत ल्युकाच्या १, ३, ४, ७, ११, १८, २९... या क्रमिकेतल्या, तर काहींत दोन्हींत न बसणाऱ्या संख्याही मिळाल्या. न जुळणारी फुलेही त्यांनी मोजली आणि छापली. विज्ञान म्हणतात ते याला.

तर काय करावे?

सशांना वर्गातून हाकलून द्या, असे आम्ही म्हणत नाही. लिओनार्दोच्या उदाहरणाने आठशे वर्षे लोकांना रमवले आहे. पण ते एकटे सांगू नये. आधी लघू-गुरू, मग ससे, मग गाई, असा क्रम लावला तर दोन तासांत मुले स्वतः नवे नियम बनवू लागतात, असा आमचा अनुभव आहे. आणि संख्यामालिकेच्या प्रश्नाखाली एक ओळ मोकळी सोडावी : ‘तुमचा नियम लिहा.’ पेपर तपासायला वेळ जास्त लागतो, हे खरे. तिथे मात्र घाई करू नये, एवढे त्या लाल फुलीने आम्हांला शिकवले.

जाता जाता एक काम. पाच मात्रांच्या रचना आठ. ‘पाऊस’ ही त्यांतली एक : गा गा ल. बाकीच्या सात रचनांसाठी मराठी शब्द शोधायला आपल्या वर्गातल्या मुलांना सांगा. त्यांतल्या किती शब्दांचा शेवट लघू आहे आणि किती शब्दांचा गुरू, तेही मोजायला सांगा. आणि नववा प्रकार सापडला असे कोणी म्हणालेच, तर लगेच फुली मारू नका. आधी त्याचे ऐकून घ्या.